गेल्या सहा महिन्यांत पडलात का?

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या वृद्धाश्रमात बायकांचा एक ठरलेला नियम आहे: कुणी पडलं तर ऑफिसात कळू द्यायचं नाही. आपापसात उचलायचं, बाम चोळायचा आणि आयाबाईंनी विचारलंच तर खाटेचा कोपरा लागला म्हणून सांगायचं. कारण पडल्याचं कळलं की तळमजल्यावरच्या खोलीत रवानगी. तिथल्या खाटांना कठडे आहेत. संडासला जायचं तरी बेल वाजवून आयाची वाट बघत बसायचं. मला त्या खोलीची मरणापेक्षा जास्त भीती वाटायची. उगाच शूरपणाचा आव कशाला आणू?

त्यामुळे सगळ्यांचा तोल तपासायला फिजिओथेरपीवाली मुलगी येणार असं कळलं आणि माझं जेवणावरचं लक्षच उडालं. त्या उन्हाळ्यात मी दोनदा बाथरूममध्ये पडले होते. दोन्ही वेळा माझ्या खोलीतल्या सोबतिणीनं एकटीनं मला उचललं. ती रत्नागिरीकडची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, हाडापेरानं मजबूत आणि मोजकंच बोलणारी. मी पहिल्यापासून फटकळ. तरी आमचं जमायचं.

चार दिवस मी खोलीत तालीम केली. खुर्चीतून उठायचं, कपाटापर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ती खाटेवर बसून आकडे मोजायची. तू पण कर की, म्हटलं तर म्हणायची, "माझं काय, मी करीन तेव्हा."

त्या दिवशी हॉलमध्ये फरशीवर लाल चिकटपट्टी लावली होती. मोबाइलवर वेळ लावून मुलगी म्हणाली, "आजी, हात न टेकता उठा. घाई नको." मी उठले, चालले. पण वळताना फरशी माझ्याआधीच वळली. कशीबशी सावरले आणि खुर्चीत येऊन आदळले.

"गेल्या सहा महिन्यांत पडलात का?"

"न्हाय. कवाच न्हाय." घाबरले की माझ्या तोंडी माहेरची बोली येते.

मागून सोबतीण म्हणाली, "दोनदा पडलीय ती. बाथरूममध्ये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला कोनी विचारला?" मी ओरडलेच.

"आता माझ्यानं नाय उचलवत, बाय," ती खाली बघत म्हणाली.

मग तिचा नंबर आला. सांगितल्याप्रमाणे तिनं दोन्ही हात छातीवर घेतले आणि उठायला गेली. उठवेना. दुसऱ्यांदा वीतभर उठली आणि खाली बसली. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. दुसऱ्यांदा मला उचलल्यापासून ती कमरेला पट्टा बांधत होती. मी विचारलं की वय झालं म्हणायची, आणि मीही ते खरं मानत होते, कारण ते मानणं सोयीचं होतं.

मी हात द्यायला पुढे झाले, तर मुलीनं मला अडवलं. "आजी, तुम्ही नका. दोघी पडाल."

ही पडली तर मला हिला उचलता येणार नाही, या विचारानं मी गारठले. ती मान वर करायला तयार नव्हती.

"लिव, पोरी," मी म्हटलं. "दोनदा परले मी. हिचा पन लिव. आनि आमा दोघींना खालीच ने."