तिऱ्हाइताचं रान

हे लिहायला मला गावच्या तरुण मंडळानं बसवलंय. गणपतीला म्हणे अंक काढायचाय. "आबा, आपल्या गावात कॉलेजचे फुटबॉलचे सामने व्हायचे, ते बघितलेले तुमीच एक राहिलाय." बघितलेले म्हणे! माझ्याच रानात झाले ते. मी बघितले नाहीत, भोगले. चौथी नापास माणसाच्या हातात पेन देऊन ही पोरं चहा प्यायला निघून गेली. माझ्यासाठी चहा सांगायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

असले किस्से रानातल्या दगडांसारखे असतात. दर नांगरटीला नवे वर येतात. टाकून द्यावे म्हटलं तर लांब न्यायचा कंटाळा, म्हणून बांधावरच पडतात. माझा बांध आता एवढा उंच झालाय की पलीकडचं दिसत नाही. घ्या त्यातले थोडे.

*

एकाहत्तर सालची गोष्ट. नगरचं एक कॉलेज आणि कोपरगावकडचं एक कॉलेज, यांचं फुटबॉलवरून उभं वैर. सामना नगरला झाला तेव्हा कोपरगावकरांच्या ट्रकच्या सगळ्या चाकांची हवा गेली. कोपरगावला झाला तेव्हा नगरची अख्खी टीम जीव घेऊन उसात पळाली. त्यातला एक जण सकाळी कारखान्याच्या काट्यावर सापडला म्हणे, उसाच्या गाडीत झोपलेला. कारखान्यानं त्याचंही वजन केलं!

मग वरच्या साहेब लोकांनी ठरवलं, ना तुमचं मैदान, ना त्यांचं. तिऱ्हाइताच्या जागेत खेळा. नकाशावर बोट फिरवून फिरवून ते नेवाशाच्या अलीकडं आमच्या गावावर टेकलं. "दोघांना मधोमध पडतं," असं साहेब म्हणाला. मधोमध कसलं! दोघांना सारखंच गैरसोयीचं, एवढंच.

गावात सपाट मोकळं रान माझंच. पाऊस नव्हता, पेरलेलं उगवलं नव्हतं. चावडीत सरपंच म्हणाले, "दगडूभाऊ, द्या की. पडूनच हाय न्हवं?"

मी म्हणालो, "देतो. पन माझ्या रानात कुनी कुनाची बाजू घेतलेली चालायची न्हाई. मी बी घेनार न्हाई. ह्यो माझा शब्द."

लोकांनी माना डोलावल्या. घरी आलो तर बायकोनं एकच विचारलं, "आन आपल्या शकूचं काय?"

शकू आमची थोरली. त्याच वैशाखात तिला कोपरगावकडं दिली होती. तिचा सासरा भाऊराव, म्हणजे माझा इवाई, त्या कॉलेजच्या टीमवर जीव टाकणारा. त्याचा सख्खा पुतण्या तिथला गोलकीपर.

आठवड्यात भाऊराव आलाच. चहा बशीत ओतत म्हणाला, "इवाई, रान तुमचं हाय. सून आमच्या घरात हाय. ध्यानात असू द्या म्हंजे झालं."

हसतच म्हणाला. पण अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

*

मैदान आखायला नगरहून खेळाचे सर आले. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, हातात टेप. रान बघून म्हणाले, "अहो, हे तर उतरतं आहे!"

"असनारच. पानी वड्याला जायला नको?"

"पण पाणी आहे कुठे?"

"ते तुमी वरच्याला इचारा. उतार माझ्या बापानं काढलाय, त्यो हलायचा न्हाई."

सरांनी कपाळाला हात लावला आणि उतारावरच फक्की मारली. पहिल्या निम्म्या खेळात नगरवाले उताराला होते. चार गोल केले. मग बाजू बदलली, कोपरगाववाले उताराला आले. त्यांचेही चार. चढानं कुणाच्या बापाला बॉल नेता आला नाही. सामना बरोबरीत सुटला आणि एकही डोकं फुटलं नाही.

दोन्ही प्रिन्सिपॉल खूश. एकानं भाषण केलं, "इतकं निःपक्षपाती मैदान आमच्या पाहण्यात नाही!" दुसऱ्यानं टाळ्या वाजवल्या. माझा बाप वर बसून ऐकत असेल तर त्याला कळलं नसेल की आपण एवढं काय केलं!

*

आमच्या गावाला दोन बाजूंची माणसं गाड्या भरून येतात म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक. लग्न! त्या पहिल्या सामन्याच्या सकाळी दोन ट्रक शिवेवर आले तशी हलगी वाजायला लागली. बायका तबकं घेऊन उभ्या. टीमच्या पोरांना कळेना की आपण खेळायला आलोय का बोहल्यावर चढायला.

सरपंचांच्या आईनं ओवाळायला हात उचलला आणि तसाच थांबवला. "ह्यातली नवऱ्याकडची कोन्ती?"

प्रश्न बरोबर होता. मान आधी नवऱ्याकडच्यांचा. कोपरगावचा एक टारगट लगेच पुढं झाला, "आमी, आमी! आमीच नवऱ्याकडचे!"

"मंग आमी काय नवरीकडचे?" नगरचा कॅप्टन बाह्या सारून उतरला. हलगी थांबली. पाच मिनिटांत पुन्हा नगर-कोपरगाव पेटणार, एवढी वेळ आली.

जेवणाचाही तोच घोळ. आधी कुणाला वाढायचं? शेवटी पाठीला पाठ लावून दोन पंगती बसवल्या. वाढपी दोन. सरपंच मध्ये उभे राहून ओरडायचे, "पिठलं!" की दोन्हीकडं एकदम पिठलं. "ठेचा!" की एकदम ठेचा. एका बाजूच्या पोरानं भाकरी जास्तीची मागितली तर दुसऱ्या बाजूच्या पोराच्या ताटातही पडायची. तो बिचारा नको-नको म्हणत राहिला.

आणि ओवाळायचं? ते म्हातारीनंच मिटवलं. "दोनी नवऱ्याकडचीच धरा. नवरी न्हाई आली तर न्हाई आली!"

*

दुसरं साल बहात्तरचं. त्या सालाबद्दल मी काही सांगत नाही, ज्यांनी काढलंय त्यांना माहीत आहे. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि कॉलेजवाले पुन्हा हजर. रान तर काय, आणखीच मोकळं.

या खेपेला रेफ्री पुण्याहून मागवला होता. चष्मेवाला, सडपातळ, भला माणूस. आदल्या दिवशी यष्टीनं उतरला आणि गावात प्रश्न पडला, ह्याला जेवायला कुठं घालायचं?

तोवर गाव फुटलं होतं. वरल्या आळीची दोन पोरं नगरच्या कॉलेजात, म्हणून वरली आळी नगरची. खालच्या आळीची सोयरीक कोपरगावकडं, म्हणून ती कोपरगावची. वरल्या आळीत जेवला तर खालची म्हणणार, मीठ खाल्लं त्यांचं. खाली जेवला तर वरली तेच म्हणणार. मी म्हणालो, माझ्याकडं येऊ द्या. तर वरल्या आळीनं कल्ला केला, "तुमची लेक कुठं दिलीय?"

सरपंचांनी निकाल दिला, "मंग कुटंच नको."

सकाळी निदान चहा तरी द्यावा म्हटलं. वरली आळी म्हणाली, "साखर कुनीकडची हाय? कोपरगावकडच्या कारखान्याची!" साखर काढली. खालची आळी म्हणाली, "आन दूध? वरल्या आळीच्या म्हशीचं!" दूध काढलं. उरलेलं काळं पाणी त्या माणसानं डोळे मिटून घेतलं.

"प्यायला साधं पाणी मिळेल का?" त्यानं हळूच विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. सरपंच म्हणाले, "टँकर सरकारी हाय. पिऊ द्या."

दुपारी सामना सुरू करायला त्यानं शिट्टी तोंडात धरली. नुसती हवा आली!

*

त्याच सामन्यात भामाबाईंची म्हैस आली.

दुष्काळात बाकीची जनावरं छावणीला गेलेली. गावात दुभती अशी ही एकच. ओढ्यात एका डबक्यात थोडं पाणी उरलं होतं, तिकडं भामाबाई तिला रोज माझ्या रानातून न्यायच्या. म्हैस सावकाश मैदानाच्या मधोमध आली. कोपरगावच्या एकानं जोरात लाथ मारली ती थेट तिच्या पोटावर. बॉल उडाला तो नगरवाल्याच्या पायात.

रेफ्री पळत आला. "बाई, म्हैस बाहेर घ्या!"

"का म्हून? वहिवाट हाय माझी. माझ्या सासूच्या सासऱ्यापासनं. तुमचा खेळ कालचा."

कोपरगावचा कॅप्टन ओरडला, "ही वरल्या आळीची म्हैस हाय! म्हंजे नगरची! नगरला बारावा गडी दिलाय!"

भामाबाईंनी काठी टेकवली. "आरं पन दूध खालच्या आळीला घालते मी. आता सांग, म्हैस कुनाची?"

रेफ्री खिशातली नियमांची चोपडी चाळत बसला. त्यात म्हैस नव्हती. तोवर म्हशीनं बरोबर मधल्या गोलात शेपूट वर केलं, पो टाकला आणि वाटेला लागली. त्या दिवशी कुणाची बाजू न घेता झालेलं तेवढं एकच काम!

*

गोलला जाळी नव्हती. दोन बाभळीचे खांब आणि वर दोरी. बॉल आतून गेला का बाहेरून, धुळीत कळायचं नाही. म्हणून दोन्ही गोलांमागं एकेक माणूस उभा करायचं ठरलं. "दगडूभाऊंनी शब्द दिलाय, त्यांना घ्या," दोन्ही आळ्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं, मला नाही म्हणता येईना. मला उभं केलं कोपरगावच्या गोलमागं. आणि माझ्या शेजारी येऊन कोण उभं राहिलं? इवाई.

खेळ संपत आला, तरी कुणाचा गोल नाही. या वेळी दोघांनीही उताराची सवय करून घेतली होती. शेवटी नगरच्या एका काळ्या पोरानं उतारानं जी लाथ घातली, ती धूळ उडवत आली. भाऊरावच्या पुतण्यानं उडी मारली आणि तोंडावर पडला. बॉल खांबाच्या आतून, वीतभर आतून, माझ्या नडगीवर येऊन बसला. नडगी आठ दिवस सुजली होती.

रेफ्री धापा टाकत आला. "आत की बाहेर?"

भाऊराव माझ्याकडं न बघता म्हणाला, "इवाई, दिवाळी तोंडावर आलीय."

एवढंच.

मी म्हणालो, "आत."

भाऊरावनं डोक्यावरचा फेटा काढला आणि पुन्हा बांधला. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला, "खोटारडा हाय ह्यो! इकला गेलाय नगरवाल्यांना!" आणि पाण्याचा घोटही न घेता चालता झाला.

गंमत पुढंच आहे. संध्याकाळी नगरची आणि कोपरगावची पोरं गळ्यात गळे घालून एकाच ट्रकमध्ये बसली आणि नगरला सिनेमाला गेली! आणि आमच्या गावात वरली आळी खालच्या आळीशी पुढच्या पोळ्यापर्यंत बोलत नव्हती. बैलांनी एकमेकांना बघून मान हलवली असेल, माणसांनी नाही.

घरी बायको म्हणाली, "डोळ्यात धूळ गेली म्हनायचं! येवढं बी सुचलं न्हाई?"

*

दिवाळीला माझा धाकटा भाऊ मुऱ्हाळी म्हणून शकूला आणायला गेला. एकटाच परत आला. भाऊरावचा निरोप होता, "आधी इवायानं चारचौघांत 'बाहेर' म्हनावं, मंग लेक न्यावी."

मी म्हणालो, "मरेस्तवर आतच."

दिवाळी गेली. बायकोनं करंज्या केल्या नाहीत. माझ्याशी बोलायची ती भिंतीकडं बघून बोलायची. शेवटी दोन्हीकडची जाणती माणसं बसली. मी त्याच्या दारात जाणार नाही, तो माझ्या दारात येणार नाही. मग साहेब लोकांसारखीच अक्कल चालवली. तिऱ्हाइताची जागा! श्रीरामपूरचं यष्टी स्टँड. त्यानं शकूला आणायचं, मी न्यायचं. कुणी कुणाशी बोलायचं नाही.

मी वेळेवर गेलो. तोही आला. शकू त्याच्या मागं, हातात पिशवी. भाऊराव स्टँडच्या त्या टोकाला थांबला. मी ह्या टोकाला.

तो मोठ्यानं म्हणाला, "न्यायचीय त्यांनी यावं."

मी म्हणालो, "आनलीय त्यांनी आनून घालावी."

पुढं पाऊल टाकेल तो हरला. मी खांबाला टेकलो. त्यानं तंबाखू काढली. शकू चालत मधोमध आली आणि थांबली. एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मामंजी, येताय का?"

तो चुना लावत राहिला.

"दादा, तुमी?"

मी तिच्या पिशवीकडं बघत होतो. फुगलेली होती. महिनाभराचे कपडे भरून आणले होते पोरीनं. मी बघतच राहिलो.

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "चला, पाथर्डी, पाथर्डी!" शकूनं पिशवी उचलली आणि गाडीत चढली.

मग मात्र दोघंही धावलो. मी खिडकीला हात घातला. "शकू! आगं कुटं निघालीस?"

"मामाकडं," ती म्हणाली. "तितं फुटबॉल खेळत न्हाईत."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे. आमच्या दोघांच्याही गाड्यांना उशीर होता. बाकडं एकच होतं, दोन टोकांना बसलो. तो समोर बघत म्हणाला, "बाहेर व्हता."

मी म्हणालो, "आत."

मला खोटारडा म्हणाला, त्याची माफी अजून त्यानं मागायची आहे. भाऊरावनं.