एकशे सहासष्टावा भागाकार

गणिताच्या पाठ्यपुस्तकांच्या शेवटी जी उत्तरं छापतात, ती तपासण्यात उत्तरकाकांची चौतीस वर्षं गेली. प्रकाशनाच्या मालकाने भर समारंभात स्वतःचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं, तेव्हा काकांनी ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं होतं. आता निवृत्ती, दोन खोल्या, एक कप आणि भिंतीवरचा फोन. बायको गेल्यापासून तो बहुतेक चुकूनच वाजे. कोणीतरी टायरचं दुकान समजून लावायचं आणि काका त्याला दहा मिनिटं सोडायचे नाहीत. टायरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"बाबा, तो फोन काढून टाका आता," दुसऱ्या शहरात राहणारी लेक म्हणाली. "मोबाइल आणून देते."

"तुझी आई हा नंबर गाण्यासारखा सांगायची. अठ्ठ्याण्णव, डबल शून्य, एक्कावन्न. शिवाय मला वाटतं, तो अविभाज्य आहे. एक आणि तो स्वतः, बाकी कोणालाही दाद न देणारा."

"आणि नसला तर?"

"तर खुशाल काढून टाक."

पैज लागली. नंबरच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे नऊशे नव्वदच्या आतल्या प्रत्येक अविभाज्य संख्येने भागून पाहायचं, म्हणजे एकशे सहासष्ट भागाकार. काकांनी ते आठवड्यात उरकले असते. पण मग पुढच्या आठवड्यात काय करायचं? म्हणून रोज एकच, कागदावर, हाताने. सकाळी दहाला लेकीच्या ऑफिसात फोन लावून तिला बाकी कळवायची.

"आज तेवीसने भागलं. एकवीस उरले."

"वा. चहा झाला?"

"आधी भागाकार."

साडेपाच महिने नंबर टिकला. शेवटच्या सकाळी उरला फक्त नऊशे त्र्याऐंशी. काकांनी भागलं. बाकी शून्य. पुन्हा भागलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा भागलं. नऊशे त्र्याऐंशी गुणिले नऊशे सत्त्याण्णव, पुरेपूर.

'एक उरला' म्हटलं असतं, तर तपासणार कोण होतं? जगातली उत्तरं तपासणारा माणूस तर इथेच, बनियनवर बसला होता. काकांनी नंबर फिरवला.

"हरलो, पोरी. तुटला. टाक काढून."

लेक म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. मोबाइलवर बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याआधी आपण महिन्यातून एकदा बोलायचो, बाबा. आणि तेही मी लावला तर."

काका वायरशी चाळा करत राहिले.

"राहू द्या तो फोन," ती म्हणाली.

"पण उद्या काय सांगू तुला?"

"माझा मोबाइलचा नंबर घ्या भागायला. दहा आकडी आहे."

ती सांगत गेली, काका लिहीत गेले. पहिलाच आकडा नऊ. म्हणजे नऊ हजारांच्या वर भागाकार, रोज एक म्हटला तर पंचवीस वर्षं. काका एकाहत्तर वर्षांचे होते. बरं वाटलं त्यांना.

शेवटचा आकडा सहा निघाला. दोनने भागलं की उद्या सकाळीच कारभार आटोपला.

"लिहिला का?"

"लिहिला," काका म्हणाले. "उद्या तीनपासून सुरुवात करतो."