वेणूमावशींनी केलेला प्रिअँप

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत वेणूमावशी समोरच्या दारात राहतात. माझी ईश्वरी तिसरीत असताना मी वाशीला नोकरी धरली. शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंत मुलीला ठेवायचं कुठे, या काळजीने माझी झोप उडाली होती. मावशींची तेव्हा महाप्याच्या एका कारखान्यात सकाळची पाळी असे. तीनला सुटून त्या चारला घरी येत.

"माझ्याकडं ठिव की. एक भाकरी जास्त, अजून काय?" एवढंच बोलल्या.

तरी मी ऑफिसमधून पाच-पाच फोन करायची. एकदा त्या वैतागल्याच. "मंजुषा, पोरगी बसल्या जागी हाय. आता फोन ठिव, तिला पाणी पिऊ दे."

मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा हौसेराव वाशीच्या मार्केटला माथाडी. मावशींनी कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली. तिथे इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या आतले बोर्ड बनत. आधीच्या टेबलावरच्या बायका बोर्डावर भाग बसवत आणि तो पालथा करून साच्यात अडकवत. तसाच पालथा बोर्ड मावशींसमोर येई. त्यावर सोल्डरिंगचे अकरा टाके मारायचे आणि उजवीकडे सरकवायचा. टाके हा त्यांचाच शब्द. कधी त्यांनी विचारलं, की हा भाग कशाला असतो, तर सुपरवायझर म्हणे, "वेणूबाई, डोकं नका लावू, टाके लावा."

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. महिनाभर झाडलेलंच घर पुन्हा झाडत होत्या.

नेमका त्याच सुमाराला नानांचा रेकॉर्ड प्लेयर मुका झाला. नाना म्हणजे माझे सासरे, नंदकुमार. प्लेयर फिरत होता, सुईही धड होती, पण तो ज्या जुन्या अँप्लिफायरला जोडलेला असे तो कायमचा गेला. माझ्या नवऱ्याने, प्रसादने, नवे स्पीकर आणले, तर त्यांतून नाट्यगीत डासासारखं ऐकू येई. वाशीच्या दुकानदाराने समजावलं की सुईतून येणारा आवाज फार नाजूक असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि बारीक आवाज उचलतात. ते सगळं पुन्हा सरळ करून मोठं करायला मध्ये प्रिअँप लागतो. जुन्या अँप्लिफायरच्या पोटात तो होता, नव्या स्पीकरांत नाही.

मग विजेवर चालणारा एक स्वस्तातला प्रिअँप आणला. गाणं मोठं झालं, पण त्याच्यामागे सतत घुंऽऽ.

"बाई गातायत आणि मागे पिठाची गिरणी चालू आहे," नाना म्हणाले आणि प्लेयरवर चादर टाकून बसून राहिले. जेवताना बोलेनात. मला त्याचीही काळजी.

मावशींनी दारातूनच ऐकलं. "ती लायटीची घुंघुं, नाना. आमचे चाचणीवाले सांगायचे. बॅटरीवर चालवलं की जाती." आणि जरा थांबून म्हणाल्या, "मी करू का एक?"

नाना हसले. "अहो वेणूबाई, तुम्ही वजनकाटे करायचात."

"वजनकाटं कुठं? वजनकाट्याचे अकरा टाके करायची. बाकीचा काटा दुसऱ्यांचाच." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "आख्खी वस्तू म्हणून मी एक बी केली न्हाई. इकडनं तिकडनं सगळी माझ्या हाताची, आन् चालणारी. एक तरी व्हावी असं वाटतं."

नानांनी उठून चादर काढली.

मी ऑफिसात बसून इंटरनेटवरून एक आकृती शोधली आणि छापून आणली. कुठला भाग कुठे बसवायचा आणि कुठल्या पायाला काय जोडायचं, हे तिच्यात चित्रासारखं दाखवलं होतं. मावशी हौसेरावांना घेऊन लॅमिंग्टन रोडला गेल्या आणि चिमूटभर सामान घेऊन आल्या. भोकाभोकांचा झिरो बोर्ड, आवाज मोठा करणाऱ्या आठ पायांच्या दोन आयसी म्हणजे एक कामाला आणि एक जादा, आयसी बसवायची दोन सॉकेटं, नऊ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या. वरून झाकायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घरचाच.

"दिवस मोडून एवढंच आणलंस?" हौसेराव म्हणाले. "ह्याच्या हजारपट मी एका पाठीवर उचलतो."

"उचलता, पण वाजवता येतंय का?"

काम आमच्या जेवणाच्या टेबलावर चालायचं, कारण उजेड आमच्याकडे चांगला. ईश्वरी दहावीला, पुस्तक घेऊन तिथेच बसायची. सोल्डरिंगचा धूर तिच्या नाकात जाईल म्हणून मी खिडक्या उघडायची, पंखा लावायची. "पंखा बंद कर गं, टाका गार पडतोय!" मावशी ओरडायच्या. बॅटऱ्या फुटतात का, हे मी मोबाइलवर तीनदा वाचलं. पण त्यांचे हात बघताना काळजी विसरायला व्हायचं. तार टेकली, कथलाचा थेंब चमकला, हात बाजूला. वाटाणे सोलावेत तितक्या सहज. एकही टाका मळकट नाही.

चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, काम पुरं झालं. प्लेयर जोडला, बटण दाबलं, नानांनी सुई टेकवली.

काहीच नाही. डासही नाही.

मावशींनी आयसीवर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. "आई गं! तापलीया." घाईघाईने बॅटऱ्या काढल्या. मग तासभर एकेक टाका तपासला. सगळे पक्के होते. दुसरी आयसी लावायचा त्यांना धीर होईना. तीही जळाली तर?

"असू दे," हौसेराव म्हणाले. "मंडईत रोज एखादं पोतं फुटतंच."

मावशी हसल्या नाहीत. "तो सुपरवायझर खोटं बोलत नव्हता. टाके मारायच्या लायकीचीच बाई मी." आणि सोल्डरिंग आयर्नची वायर गुंडाळायला लागल्या.

तिसरीतली ईश्वरी गणित चुकलं की अशीच दप्तर आवरायला बसायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी आकृतीचा कागद उचलला आणि बाल्कनीच्या दारात उजेडात धरून पुन्हा वाचायला लागले. एक नंबरचा पाय, दोन नंबरचा पाय... मावशी टेबलापलीकडे बसलेल्या. त्यांना कागदाची मागची बाजू दिसत होती.

"मंजू, हालू नको."

"काय झालं? पाल आहे का?"

"हालू नको म्हणते ना!"

त्या उठल्या, पालथा बोर्ड हातात घेऊन कागदाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. ऊन कागदातून आरपार येत होतं. मागून दिसणाऱ्या उलट्या रेघा आणि बोर्डाच्या खालची बाजू त्या पुन्हा पुन्हा ताडून बघत होत्या.

"हे चित्र वरनं काढलंय," त्या हळूच म्हणाल्या. "भाग बसवत्यात त्या बाजूनं."

"मग?"

"मग काय? मी जन्मभर बोर्ड खालनंच बघितला. माझ्या टेबलावरचा कागद बी खालच्याच बाजूचा असायचा. मला वाटलं, चित्र म्हंजी खालनंच. म्हणून डावीकडचा पाय उजवीकडं गेला न् उजवीकडचा डावीकडं. बॅटरीचं अधिक भलत्याच पायात घुसलं. तापंल न्हाईतर काय करंल बिचारी!"

नानांनी चष्मा सरळ केला. "म्हणजे सगळं उसवायचं?"

"उसवायचं कशाला?" मावशींचे डोळे लुकलुकायला लागले होते. "बाकीचे भाग दोनच पायांचे. त्यांचे टाके ज्येचे त्येला बरोबर लागल्यात. घोळ एकट्या आयसीचा. मी खालनं बघून जोडलंय ना? मग तिलाच खाली बसवायची. वटवाघळासारखी."

त्यांनी जादाचं सॉकेट खालच्या बाजूने, त्याच आठ टाक्यांवर टेकवलं. पाय जरासे फाकवले. आठ टाके, जेमतेम जागा. ईश्वरीने पुस्तक मिटलं. पंखा लावायचं मला सुचलंच नाही. जळालेली आयसी काढल्यावर वरचं सॉकेट रिकामं राहिलं आणि खालच्यात दुसरी आयसी दाबून बसली. बॅटऱ्या लावल्या. मावशींनी बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. गार.

नानांनी सुई ठेवली. स्पीकर शांत. घुंघुं नाही, खरखर नाही.

"नाहीच झालं वाटतं," नाना म्हणाले, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत ऑर्गन सुरू झाला. मग तबला, आणि मग गाणाऱ्या बाईंनी घेतलेला श्वास. श्वास ऐकू आला! पन्नास वर्षं मी ही तबकडी वाजवतोय, म्हणाले नाना, बाई इथे श्वास घेतात हे मला माहीतच नव्हतं.

ईश्वरीने शिट्टी मारली. एरवी मी रागावले असते. हौसेराव मान डोलवत होते, पण ठेका भलताच धरून.

"नाना, नाटकाचं झालं, आता एखादी लावणी?" हौसेरावांनी विचारलं.

"आमच्याकडे तसलं काही नसतं," नाना ताठ होऊन म्हणाले. दोन मिनिटांनी उठले, अभंगांच्या वेष्टनातून एक तबकडी काढली आणि कोणाकडेही न बघता लावली. ढोलकी अशी कडाडली की खालच्या मजल्यावरची मुलं जिन्यात येऊन नाचायला लागली. हौसेराव उठले, मावशींना हात धरून उठवायला गेले. "आवं, सोडा, चटका बसंल!" आयर्न अजून मावशींच्या हातात होतं. मी ते काढून घेतलं, वायर भिंतीतून उपसली आणि मगच नाचायला परवानगी दिली.

सहाच्या सुमाराला प्रसाद आला. दार उघडंच, घरात ही गर्दी. आवाज ऐकून त्याने विचारलं, "हा प्रिअँप कुठल्या कंपनीचा?"

सगळ्यांनी मावशींकडे बघितलं.

"माझा," मावशी म्हणाल्या. नाकावरचा घाम पुसला आणि पुन्हा म्हणाल्या, "आख्खा."

रविवारी सकाळी नाना आपला बंद पडलेला रेडिओ कपाटातून काढून, कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन समोरच्या दारात गेले. मीही मागोमाग गेले. यात वीज असते, बॅटरी नाही, हे सांगायला हवं होतं. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि प्लग माझ्याच हातात दिला. मग मागचं झाकण उघडून बोर्ड बाहेर ओढला. पालथा केला नाही. वरचे रंगीत भाग एकेक करून बघत राहिल्या. आत चहा उतू गेला, तरी त्यांना पत्ता नव्हता.