गोल होता, साहेब

पोलीस अ‍ॅक्शन होऊन चार-पाच महिने झाले होते. हैदराबादेत सगळं बदललं असं जो तो म्हणत होता. मला दिसत होतं त्याप्रमाणे बदल मुख्यतः डोक्यावर झाला होता. ज्यांनी हयातभर गोंड्याची लाल रुमी टोपी घातली त्यांनी ती ट्रंकेत तळाशी ठेवली, आणि पांढऱ्या टोप्यांना इतकी मागणी आली की आमच्या शिंप्याने लग्नाचे कपडे बाजूला सारले. माझे वडील वकील होते. त्यांनी मात्र शेरवानी सोडली नाही की डोक्यावरची दस्तारही. "सरकार बदललंय, माझं डोकं तेच आहे," असं म्हणून ते हिमायतनगरहून टांग्यात बसत आणि कोर्टात जात.

मी तेवीस वर्षांचा होतो, महसूल खात्यात कारकून. आमच्या पिढीचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, इतिहासापासून रसायनशास्त्रापर्यंत. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, भाजीवालीशी तेलुगू. नवे अंमलदार बाहेरून आले, कोणी मद्रासकडचे, कोणी मध्य प्रांतातले. त्यांना उर्दूचं अक्षर येत नव्हतं आणि कचेरीतला एकूण एक कागद उर्दूत. त्यामुळे उर्दू आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या आम्हा कारकुनांना एकाएकी भाव आला. काल ज्यांना कोणी खुर्ची देत नव्हतं, त्यांना साहेब स्वतः बोलावून "हे काय लिहिलंय?" म्हणून विचारू लागले.

माझा एक मित्र होता, शाळेपासूनचा. नामपल्लीला स्टेशनच्या मागे राहायचा. तो एका सरकारी दफ्तरात मुन्शी होता. अ‍ॅक्शननंतर ते दफ्तरच उरलं नाही. थोरला भाऊ कराचीला निघून गेला, याला पत्रांवर पत्रं लिहू लागला, पण हा काही जाईना. का राहिलास म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "वहाँ जा को क्या करूँ मियाँ? उनकू फुटबॉल खेलना आताच नहीं."

फुटबॉल हा आमचा दोघांचा रोग होता. त्या वर्षी बंदी, कर्फ्यू, परवाने या सगळ्यात सामने बंदच पडले होते. मग कोणाच्या तरी मनात आलं की जनतेत सलोखा वाढावा म्हणून एक सामना भरवावा. एका बाजूला आमच्या खात्याचा संघ, दुसऱ्या बाजूला एका गिरणीचा. मी खात्याचा नोकर असून गिरणीच्या बाजूचा होतो, कारण आमच्या खात्यातले खेळाडू चेंडूमागे धावताना फाइलमागे धावल्यासारखे वाटत. गिरणीचा डाव्या कडेचा खेळाडू मात्र अनवाणी खेळायचा आणि चेंडू पायाला चिकटवल्यासारखा न्यायचा. त्याच्यासाठी आम्ही दोघं दुपारी जेवून लगेच जाऊन बसलो.

मैदान भरलं. झाडांवर, भिंतीवर, बैलगाड्यांवर माणसं. सलोख्याचे प्रमुख पाहुणे म्हणून नुकतेच मध्य प्रांतातून आलेले एक मराठी अधिकारी होते. त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर चादर, चादरीवर चषक आणि फुलदाणी. एकच उणीव होती. गोलच्या खांबांना जाळी नव्हती. जाळी स्टोअरमध्ये कुलपात होती. जुना स्टोअरकीपर रजेवर गेला तो आला नव्हता, नवा आला होता पण त्याने चार्ज घेतला नव्हता, आणि चार्ज घेतल्याशिवाय कुलूप उघडता येत नव्हतं. मग सामना जाळीशिवायच खेळवायचं ठरलं. "दोन खांब आहेत ना?" असं कोणीतरी अधिकारी म्हणाले म्हणे.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांपर्यंत दोन्हीकडे गोल नाही. मग आमचा अनवाणी गडी कडेने सुटला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि डाव्या पायाने असा मारला की चेंडू खांबाला चाटून आतून मागच्या गर्दीत गेला. निदान आम्हाला आतून दिसला. रेफरी एका शाळेचे ड्रिल मास्तर होते, सज्जन गृहस्थ. ते मैदानाच्या मध्यावर होते, धापा टाकत. त्यांनी क्षणभर दोन्ही खांबांकडे पाहिलं आणि हात बाहेरच्या दिशेला केला. गोल नाही.

पुढे काय झालं ते मला नीट क्रमाने सांगता येत नाही. चहूकडून एकच गदारोळ उठला. भिंतीवरची माणसं आत उतरली. गोळ्या-बिस्किटांच्या टोपल्या उडाल्या, बांबूची रेलिंग मोडली, आणि चपला उडू लागल्या. त्यातली एक माझी होती. मी वकिलाचा मुलगा, कधी कोणाला साधी शिवी दिलेली नाही. पण पायातली डावी चप्पल काढून मी ती रेफरीच्या दिशेने फेकली हे खरं आहे. माझा नेम असा की ती रेफरीला लागलीच नाही. ती उंच गेली, वळली आणि प्रमुख पाहुण्यांच्या टेबलावर चषकाला लागून फुलदाणीत पडली.

"भाग," मित्र म्हणाला.

पोलिसांच्या शिट्ट्या वाजल्या आणि लाठ्या चालल्या. आम्ही मागच्या गल्लीतून निघालो. मी एका चपलेत लंगडत होतो. मित्राने माझ्याकडे पाहिलं, माझी उरलेली चप्पल काढायला लावून नाल्यात टाकली, स्वतःच्या दोन्ही चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. "तू नौकरीवाला आदमी. पहन ले. मेरा घर तो येइच है." मी त्या घातल्या. त्याचे पाय मोठे, चपला फटाफट वाजत होत्या. तो स्टेशनकडे वळला, मी घराकडे.

पोलिसांनी दंगलखोर ओळखण्याची एक सोपी रीत काढली होती. ज्याच्या पायात चप्पल नाही त्याने ती फेकली. त्या हिशेबाने त्यांनी रस्त्यावरचा प्रत्येक अनवाणी माणूस उचलला. त्यात हमाल होते, पखालीने पाणी वाहणारे भिस्ती होते, जन्मात ज्यांनी चप्पल घातली नाही असे दोन शेतकरी होते जे खटल्याच्या तारखेसाठी गावाहून आले होते. आणि माझा मित्र होता.

दुसऱ्या दिवशी चौकशी नेमली गेली. चौकशी अधिकारी म्हणून प्रमुख पाहुण्यांनाच नेमलं. ते निःपक्षपाती आहेत याबद्दल कोणालाच शंका नव्हती, कारण त्यांना फुटबॉल अजिबात कळत नव्हता. आणि जबाबांचा उर्दूतून मराठीत तर्जुमा करायला मला नेमलं.

मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा टेबलावर माझी चप्पल होती. तिला दोरा बांधून पुठ्ठ्याचा तुकडा लावला होता, मुद्देमाल नंबर एक. अंगठ्यापाशी मी स्टेशनजवळच्या चांभाराकडून लाल दोऱ्याने शिवून घेतली होती, तो दोराही तसाच. मी तिच्यासमोर बसलो आणि दौत उघडली. पायात मित्राच्या चपला होत्या. नवीन घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. शुद्ध मराठी बोलायचा, माझ्या बोलण्यातले "हौ" आणि "नक्को" ऐकून कळवळायचा. "तुमची भाषा फार बिघडलीय हो," असं तो मला अगदी डॉक्टरच्या सुरात सांगे. पण त्याला एकच गोष्ट हवी होती. या दंग्यामागे कोण आहे? गोल या कारणासाठी माणसं एवढी चिडतात हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं. म्हणून प्रत्येक साक्षीदाराला तो विचारायचा, चपला फेकणाऱ्यांच्या डोक्यावर कोणती टोपी होती?

एक म्हातारा भिस्ती होता. तो म्हणाला, "हुजूर, फुटबॉल में सरकू कौन देखता? सब पाँव देखते." मी तर्जुमा केला, "सामन्यात डोक्याकडे कोणी बघत नाही." साहेबांनी समासात लिहिलं, साक्षीदार माहिती दडवतो.

तिसऱ्या दिवशी मित्राला आणलं. त्याने मला पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

"तुझी चप्पल कुठे आहे?" साहेबांनी विचारलं. मी उर्दूत विचारलं.

"मैं पहनताइच नहीं," तो म्हणाला.

साहेबांनी शिपायाला सांगून मुद्देमाल नंबर एक त्याच्या पायात घालून बघितला. टाच दोन बोटं बाहेर राहिली. साहेब म्हणाले, "कोठडीत पाय सुजला असेल." मी ते वाक्य उर्दूत केलं. माझ्या मित्राने त्यावर मान हलवली, जणू एखाद्या हकिमाने निदान केलं आहे. त्याच्या नावापुढे साहेबांनी लाल खूण केली. भाऊ कराचीत आहे ही माहिती त्यांना आधीच मिळाली होती, आणि त्यांचं सगळं कोडं तिथेच सुटलं होतं.

त्या संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते पानाला चुना लावत होते. मी बोलत असेपर्यंत पान तसंच हातात राहिलं.

"मग आज का नाही बोललास?" ते म्हणाले.

"नोकरी जाईल, अण्णा."

"हं. जाईल." त्यांनी पान खाली ठेवलं. "उद्या कबूल कर. पण नुसतं तोंडी नको. दरख्वास्त लिहून दे, तारीख घाल, एक नक्कल आपल्याकडे ठेव. तोंडी कबुली दिलीस तर ते म्हणतील, दमलायस, घरी जाऊन झोप."

अण्णांचा अंदाज अगदी बरोबर निघाला. चौथ्या दिवशी सकाळी मी आधी तोंडीच सांगितलं, धीर होईना म्हणून. साहेब म्हणाले, "तुमच्यावर कामाचा ताण पडलाय. चहा घ्या." मग मी दरख्वास्त पुढे ठेवली. ती त्यांनी दोनदा वाचली.

"तुम्ही? सुशिक्षित ब्राह्मणाचा मुलगा? कोणाच्या चिथावणीने?"

"कोणाच्याच नाही. गोल होता, साहेब."

"तुम्हाला कोणी धमकावलंय का?"

मी पुठ्ठ्याचा दोरा न सोडता चप्पल खाली ठेवली आणि डावा पाय घातला. बरोबर बसली. साहेब खुर्चीतून वाकून बघत होते. त्यांचा अहवाल अर्धा लिहून झाला होता, आणि त्यात या दंग्यामागे "संघटित शक्ती" होत्या. त्या संघटित शक्तीने आता त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच दौतीने चार दिवस तर्जुमा केला होता. हे हैदराबादच्या बाहेर गेलं असतं तर हसं कोणाचं झालं असतं ते त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"खरंच गोल होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी त्यांना कागदावर खांब काढून दाखवले. चेंडू कुठून आला, कुठे गेला, रेफरी कुठे होते. त्यांनी प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. त्या खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी फुटबॉलबद्दल विचारत होतं.

दोन दिवसांनी अहवाल गेला. त्यात लिहिलं होतं की गर्दीच्या रेटारेटीत काही लोकांची पादत्राणे निसटली व त्यांपैकी एक टेबलावर आले. हेतू आढळून येत नाही. चप्पल चाळीसेक हात दूर कशी निसटली याचा खुलासा नव्हता, आणि कोणी मागितलाही नाही. अनवाणी माणसं सोडून दिली. त्या दोन शेतकऱ्यांची तारीख तोवर टळली होती, त्यांच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागला. अण्णांनी त्यांचं वकीलपत्र घेऊन तो निकाल फिरवून घेतला, हा या प्रकरणातला मला माहीत असलेला एकमेव न्याय. माझी बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली. तिथे वर्षभर मी जुन्या सरकारच्या मिसली, म्हणजे फायली, झटकत होतो.

मित्र सुटला त्या दिवशी मी त्याच्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलो. तो दाराच्या पायरीवर बसला होता. चेहरा उतरला होता, एका डोळ्याखाली काळं झालं होतं. ते कसं झालं हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्याने पुडकं घेतलं.

"चार दिन लगे तेरेकू," तो म्हणाला.

"हौ," मी म्हणालो.

त्यानंतर महिना-दीड महिना आम्ही बोललो नाही. मी त्याच्या गल्लीतून सायकलने जायचो, तो आत निघून जायचा. चप्पल फेकल्याबद्दल त्याला राग नव्हता. ती त्यानेही फेकली असती, फक्त नेम चांगला लागला असता. त्याचा राग त्या चार दिवसांचा होता, आणि ते दिवस मला कुठल्याही दरख्वास्तीने परत करता येत नव्हते.

मग एक दिवस तो स्वतःच रेकॉर्ड रूमच्या दारात उभा. अंगात इस्त्रीचा कुडता. म्हणाला, नोकरी लागली. कुठे, विचारलं, तर त्याने नाव घेतलं ते आमच्या साहेबांचं. साहेबांना उर्दू शिकायचं होतं, कचेरीतल्या कारकुनांवर त्यांचा विश्वास उडाला होता (याला कारण मी), आणि चौकशीत ज्याची उर्दू सर्वांत स्वच्छ वाटली त्या माणसाला त्यांनी निरोप पाठवून बोलावलं होतं. रोज सकाळी एक तास.

"तू गेलास?" मी विचारलं. "ज्याने तुला आत ठेवलं त्याच्याकडे?"

"जा को बैठा," तो म्हणाला. "पहले दिन अलिफ-बे सिखाया. दूसरे दिन आफसाइड." मग म्हणाला, "आदमी जहीन है. आफसाइड जल्दी समझा. अलिफ-बे में अटका है."

मी मिसल खाली ठेवली. आम्ही समोरच्या इराण्याकडे गेलो आणि एकाच कपातला चहा बशीत अर्धा-अर्धा ओतून प्यालो, पूर्वीसारखा. तो मधूनच साहेबांच्या उच्चारांची नक्कल करत होता आणि मी हसत होतो, जरा जास्तच.