विलायतेत आग्रह नसतो

इंग्रजांच्या जेवणाबद्दल माझं मत विचारू नका, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. अन् कोणी विचारायच्या आत सांगूनही टाकते.

माझी लेक तिकडं इंग्लंडात नर्स आहे. लग्नही तिथल्याच पोराशी केलं. मागच्या साली मी तीन महिने तिच्याकडं राहून आले, तेव्हा तिनं मला जगभरचं खाऊ घातलं. तुर्कांची गरम रोटी न् भाजलेलं मटण खाल्लं, तर वाटलं ही आपल्या हिंगोलीच्या बाजारातूनच उठून गेलेली माणसं. चिन्यांच्या शेवया तोंडात धरता धरता नाकी नऊ आले, पण तिखट होत्या, म्हणून माफ केलं. इटलीवाले भाजी भाकरीवरच थापून भाजतात. ताटं घासायचा ताप नाही, शहाणे लोक. राहिले इंग्रज. इतकी वर्षं आपल्याकडून जहाजं भरभरून मसाले नेले, ते मेल्यांनी केले तरी काय?

एका रविवारी विहीणबाईंनी, म्हणजे जावयाच्या आईनं, जेवायला बोलावलं. टेबलावर उकडलेले बटाटे, उकडलेलं गाजर, उकडलेला वाटाणा, अन् नुसतं मीठ लावून भाजलेली कोंबडी. मी लेकीच्या कानात विचारलं, "घरात कोणी बिमार हाय का गं?" तिनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

चव नसली तरी भूक होती. पहिलं वाढलेलं संपलं. विहीणबाईंनी कोंबडी पुढं केली तसं मी आपल्या रीतीनं म्हटलं, नको नको. आपल्याकडं पहिल्या 'नको'ला कोण विचारतं? दुसऱ्याला वाढणारी हट्टाला पेटते, तिसऱ्याला ताटात पडतंच. विहीणबाई गोड हसल्या आणि कोंबडी उचलून आत घेऊन गेल्या!

परतताना बसमध्ये मी लेकीवर घसरले, "विहिणीला अर्ध्या पोटी उठवती, अशी कशी गं ही बाई?"

"माय, इथं न्हाई म्हटलं की न्हाईच. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला तकलीफ देणं, असं वाटतं त्यांना. लग्नानंतर मी पण किती रविवार उपाशीच उठले." ती हसून सांगत होती. मला हसू येईना. हे लेकरू लहानपणापासून असंच, भूक असली तरी आधी नकोच म्हणणार. माहेरी आमी होतो. तिथं हिच्या पोटाकडं कोण बघणार? हाच घोर घेऊन मी गावी आले.

यंदा दिवाळीनंतर लेक, जावई अन् विहीणबाई आमच्याकडं आले. आमच्या गावी, जवळा बाजारला, विहीणबाई बसमधून उतरल्या तेव्हाच मी ठरवलं, या बाईला आग्रह काय असतो ते दाखवायचंच. मी न् माझ्या दोन्ही जावा वाढायला. विहीणबाई 'नो नो' करत हात आडवा धरायच्या, आमी हाताच्या बाजूनं तिखट रस्सा वाढायचो. ताटात अन्न टाकणं त्यांच्यात वाईट, म्हणून बिचाऱ्या संपवायच्या. ताट रिकामं दिसलं की आमी पुन्हा वाढायचो. नाक लाल, डोळ्यांतून धारा. शेवटी मलाच दया आली, गुळाचा खडा दिला.

जरा दम घेऊन त्यांनी लेकीमार्फत विचारलं, मी नको म्हणते तरी काहून वाढता?

"नको तर सगळेच म्हणतात. पोट भरलं का, ते वाढणारीनं बघायचं," मी म्हटलं. अन् राहवलं नाही म्हणून पुढं बोलले, "माझी लेक तुमच्या घरून उपाशी उठायची, ते सांग त्यांना."

लेक ताटातच बघू लागली. "काहून गप बसली? सांग!" तिनं कसंबसं सांगितलं. विहीणबाईंचा चेहरा पडला. हळू आवाजात काहीतरी बोलल्या. लेकीचे डोळे भरले.

"काय म्हणून राहिल्या गं?"

"म्हणतात, इतकी वर्षं मला वाटायचं, हिला माझ्या हातचं आवडत न्हाई."

लेकीनं त्यांचा हात धरून इंग्रजीत काही सांगितलं. मग माझ्याकडं वळून, जरा चोरट्यासारखी म्हणाली, "माय, मला आवडतात गं त्यांचे बटाटे. खरंच."

उकडलेले बटाटे! माझ्या पोटची पोर! एरवी मी तासभर बोलले असते. पण त्या बाईनं लेकीचा हात अजून सोडला नव्हता. मी गप बसले.