एकेका हळकुंडाची विचारणा

माझं तोंड फटकळ, हे अख्ख्या गल्लीला माहीत. त्या तोंडानं माझं भलं झालं, ते मात्र एकदाच.

हिंगोलीत आमच्या घरामागं एका वर्कशॉपात हळद निवडायचं मशीन बनवत होते. पट्ट्यावरून हळकुंड खाली पडतं, पडता पडता कॅमेरा त्याला बघतो, अन् नको असलेलं हवेच्या फटक्यानं बाजूला उडतं. ओळखणारा क्लास, म्हणजे कोडचा तेवढा भाग, सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला, एकदम चपळ. लिहिणारा कधीच सोडून गेलेला, अन् त्याच्या कोडला हात लावायची कोणाची छाती नव्हती. लांब हळकुंडांतून गट्टू, म्हणजे हळदीचे गोल गड्डे, वेगळे काढायचं नवं काम माझ्याकडं आलं. मला येतं पायथन, ती वेगळी भाषा. मूळ क्लास तसाच ठेवून त्याच्यावरून मी पायथनमधे माझा क्लास काढला. मशीन पास झालं तर मालक मला कायमचं ठेवून घेणार होते. न्हाई तर पुण्याची नोकरी ठरलेली: मी तिकडं, नवरा अन् आमची लहानगी पोरगी इकडं.

मशीन माझ्या हातानं पार बावळट झालं. ओळखायचं बराबर, पण उशिरा. गट्टू खुशाल पोत्यात जायचा अन् फटका बसायचा मागून येणाऱ्या चांगल्या हळकुंडाला. एक तर उडून मालकाच्या चहात पडलं. सगळे हसले, मीबी हसले, अन् घरी येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी घरीच कोडात डोकं घालून बसले होते. सासरे, आमी त्यांना मामा म्हणतो, स्वयंपाकघरात होते. जन्मात कधी गॅस न पेटवलेला माणूस वरण करायला निघाला होता. पाणी किती म्हणून दारात आले, आत गेले. मीठ किती म्हणून परत आले. मग तिखट आत्ता घालू का मागून. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मामा, काय विचारायचं ते एकदाच विचारून घ्या. वरण तिकडं करपून राहिलं."

ते म्हणाले, "तू पुण्याला गेल्यावर कोणाला विचारू, माय? लेकराला जेवू तर घालावं लागंल."

मी उठून गॅस बंद केला, त्यांना समोर बसवलं अन् सगळं वरण पहिल्यापासून सांगितलं. सांगता सांगताच लख्ख कळलं, की माझं कोडही हेच करून राहिलंय. मूळ क्लास एकेका हळकुंडासाठी हातातलं काम सोडून पायथनच्या दारात येत होता, हा गट्टू हाय का म्हणून विचारायला. सगळा वेळ त्या जाण्यायेण्यातच जात होता. मूळ क्लासात नियम आधीच घेऊन ठेवायची सोय होती, मीच तिच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. मग मामांना फटकन बोलले होते तसंच, एकदाच: माझ्या क्लासनं मशीन सुरू होतानाच लांबीचे, गोलाईचे नियम त्याच्या हवाली करायचे अन् गप बसायचं, असं केलं. पुढं धावायचं त्यानं, त्याच्या भाषेत.

चाचणीला मामा पोरीला घेऊन आले. पोतं ओतलं. गट्टू तिकडं, हळकुंड इकडं, अन् वेग अगदी पहिल्यासारखा. मालकांनी चहा हातानं झाकून धरला होता, तो हात हळूच काढला अन् सोमवारपासून या म्हणाले. मला इतका आनंद झाला की चारचौघांत नाचलेच थोडी.

नवऱ्याला फोन लावला तर तो दुसऱ्याच फोनवर. वळून पाहते तर मामा दारात, पोरीला कडेवर घेऊन, त्याच्याशीच बोलत होते.

"न्हाई जात ती. घरीच हाय," एवढंच परत परत सांगत होते.