ताटावरची कोरी जागा

उन्हाळी शिबिराची यादी घेऊन मी चार दिवस फिरत होते. प्रत्येक वस्तूवर मुलीचं नाव हवं, असं त्यात बजावलं होतं. चादर, टॉवेल, मोज्यांवरसुद्धा नावं टाकून मी पार थकले होते. पोरगी आठ दिवस गेली की नुसतं झोपायचं, एवढंच डोक्यात होतं. राहता राहिलं स्टीलचं ताट. ते घेऊन शिरपूरच्या भांड्यांच्या दुकानात गेले.

तिथे भांड्यांवर नावं कोरणारा एक म्हातारा ओट्यावर बसलेला असे. कोरायचं यंत्र बंद केलं तरी त्याची बोटं थरथरत राहायची. त्याने ताट मांडीवर घेतलं, मी दिलेल्या कागदावर बघून मुलीचं नाव कोरलं, फुंकर मारून कीस उडवला आणि मान वर न करताच विचारलं, "जवायाचं नाव?"

"कायचा जवाई भाऊ! धा वर्साची हाये. शिबिराले चालली."

"असं व्हय? लेकीच्या नावाचं ताट माह्यापाशी येते ते आंदनातलंच येते, ताई." त्याने नावाखाली अंगठा फिरवला. "राहू द्या. जागा ठेवली हाये खाली. धा-बारा वर्सानं आना."

मी ताट पिशवीत घातलं. पायरी उतरले, आणि परत वर चढले.

"त्या जागेत फूल काढून द्या," मी म्हणाले. "मोठं काढा."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. मग यंत्र सुरू केलं आणि पाकळ्या पार काठापर्यंत नेल्या.